समुद्रालाही तिथी असते

तुळजापूरच्या बाईला पाणी माहीत आहे ते आडाचं, बोअरचं, टँकरचं. समुद्राशी आपला संबंध तसा नाहीच. पण हल्ली सुट्टी लागली की गाड्या मालवण-तारकर्लीकडे निघतात आणि लेकी आधीच सांगून ठेवतात, "आई, मी स्कूबा करणार!"

आमच्या बचत गटाच्या बैठकीतही हा विषय निघाला. "पोरीला पोहता येत नाही, पाठवू का नको?" एकीनं विचारलं. नको म्हणणं सोपं असतं. पण आधी समजून घ्यावं, मग ठरवावं.

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. पहिल्या वेळी प्रशिक्षक सोबत असतो, म्हणून पोहता न येणाऱ्यांनाही नेतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. हे सुख आपल्या लेकींनी का घेऊ नये? मात्र खोलीपेक्षा जपायचं ते प्रवाहाला.

मैत्रिणींनो, आपल्याला पंचांग कळतं ना? मग हेही कळेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाण्याची ओढ जोरात असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य. शिवाय भरती-ओहोटी पालटताना थोडा वेळ पाणी शांत होतं. जाणते लोक ही वेळ साधूनच उतरतात. तरी वारा फिरला की प्रवाहही बदलतो.

ओढीत सापडलं तर? पौर्णिमेला देवीच्या दर्शनाच्या गर्दीत आपण लोंढ्याला उलटा रेटा देत नाही, हळूहळू कडेला सरकतो. किनाऱ्यावर पोहतानाही तेच करायचं. थेट किनाऱ्याकडे झगडलं की दम संपतो. किनाऱ्याला समांतर सरकावं, ओढ सुटली की मग परतावं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये इंडोनेशियातल्या बालीजवळ सात जपानी महिला डायव्हिंगला गेल्या आणि खराब हवेत वाहून गेल्या. तीन दिवसांनी पाच जणी जिवंत सापडल्या, दोघी नाही वाचल्या. आणि आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. म्हणजे धोका पाण्याखालीच असतो असं नाही, बोटीतही असतो.

म्हणून जाण्याआधी एवढं पाहा. बोटीत बसताक्षणी लाइफ जॅकेट घालायचं, साडीवर कसंही दिसो. बोटीत जादा माणसं असतील तर चढायचं नाही. दमा, हृदयविकार असेल, दिवस गेले असतील तर पाण्याखाली जायचं नाही. सर्दी असेल तरी थांबा, कान दुखतात. खाली श्वास कधीही रोखायचा नाही. आणि एक गंमत लक्षात ठेवा. तिथे अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर न्या' असा अर्थ होतो. 'ठीक आहे' सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं.

लेकीला अडवू नका, प्रश्न विचारायला शिकवा. आज हवामान खात्याचा इशारा आहे का? प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? आणि समुद्र खवळलेला दिसला तर, "पैसे बुडाले तरी चालतील, आज मी उतरणार नाही," असं सगळ्यांसमोर म्हणायचं धाडस तिच्यात असू द्या. पाण्यात उडी मारण्याइतकंच ते मोठं आहे.