पाऊस सुरगाण्यात, पैसा नाशकात

डिसेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातून एक मागणी पुढे आली. सीमेवरच्या काही गावांचं म्हणणं होतं की रस्ते, पाणी, दवाखाना, रोजगार देता येत नसेल, तर आम्हाला गुजरातला जोडा. त्याच महिन्याच्या ११ तारखेला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. पुढचे टप्पे याच जिल्ह्यातल्या सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेले आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला महामार्ग येतो आणि दुसऱ्या टोकाला माणसं राज्य सोडायची भाषा करतात. असं का होतं, ते नाशिकच्या नकाशावर नीट दिसतं.

एक जिल्हा, तीन पट्टे

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. त्यातले जवळपास १५ लाख एकट्या नाशिक शहरात राहत होते. महापालिकेचं क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, तर जिल्ह्याचं साडेपंधरा हजारांच्या वर. म्हणजे दोन टक्क्यांहून कमी जमिनीवर जिल्ह्याची चौथाई माणसं.

पंधरा तालुक्यांचे ढोबळ तीन पट्टे पडतात. मध्ये नाशिक, निफाड आणि दिंडोरीचा कारखाने व द्राक्षबागांचा पट्टा. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा डोंगराळ, बहुतांशी आदिवासी भाग. पूर्वेला येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव हा कमी पावसाचा पट्टा. पश्चिमेला दोन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, पूर्वेला पाचशे-सहाशेवर भागतं. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट दोन्हीकडे पाहतात. नार, पार, दमणगंगा या नद्या पश्चिमेचं पाणी घेऊन गुजरातमार्गे समुद्राला मिळतात. पाऊस पडण्याएवढंच तो अडवणंही महत्त्वाचं, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पैशाचंही तसंच असतं.

वाढ एकाच जागी का साचते?

नाशिकरोडला १९२५ साली सरकारी सुरक्षा मुद्रणालय आलं, १९२८ साली नोटांचा छापखाना. मुंबईला जोडणारी रेल्वे हाताशी होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मुंबईतली गर्दी हलवण्यासाठी सातपूर व पुढे अंबड इथे वसाहती उभ्या राहिल्या. १९६४ च्या सुमारास ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग करणाऱ्या छोट्या शेडची रांग लागली. मग आयटीआय आले, अभियांत्रिकी महाविद्यालयं आली, बँका आल्या.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली याची कारणं मांडली होती. एकाच धंद्याचे लोक जवळजवळ बसले की कुशल कामगार सहज मिळतो, सुट्या मालाचा पुरवठादार शेजारीच असतो आणि कामातली युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाते. सातपूरमध्ये शेड टाकणाऱ्याला फिटर, टर्नर, हीट ट्रीटमेंट, वाहतूकदार सगळं दोन-चार किलोमीटरच्या आत सापडतं. पेठला शेड टाकली तर यातली प्रत्येक गोष्ट नाशिकहून न्यावी लागेल.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ साली पुढचा मुद्दा मांडला. वाढणारं केंद्र आजूबाजूला थोडी समृद्धी पसरवतं, पण आजूबाजूचं भांडवल, शिकलेली मुलं, धडपडी माणसं स्वतःकडे खेचूनही घेतं. पसरण्यापेक्षा खेचणं जास्त झालं की दरी आपोआप रुंदावत जाते.

नाशिक इथे खेचणारं आहे तसंच खेचलं जाणारंही. राज्याच्या उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई, ठाणे आणि पुणे या परिसराचा आहे. नाशिकची कॉम्प्युटर शिकलेली पोरं पुण्याला जातात, सुरगाण्याची दहावी झालेली नाशिकला येतात. इगतपुरीजवळच्या अप्पर वैतरणा धरणाचं पाणी तर थेट मुंबईच्या नळाला जातं.

सवलती कुठवर पोचल्या?

उद्योग मुंबई-पुण्याबाहेर जावेत म्हणून राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. हेतू रास्त होता. पण कारखानदार सवलतीबरोबर डिझेल, वीज, कामगार आणि वेळही मोजतो. त्यामुळे उद्योग सरकले, पण दूर गेले नाहीत. पुण्याच्या रस्त्यावर सिन्नर आणि मुंबईच्या रस्त्यावर गोंदे इथे वसाहती भरल्या. एकेकाळी विड्यांसाठी ओळखलं जाणारं सिन्नर औद्योगिक गाव झालं. सुरगाण्याच्या रस्त्यावर अशी रांग दिसत नाही.

मोजमापानेही घोटाळा केला. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष काढला, तो मुख्यतः जिल्हा हे एकक धरून. अशा हिशेबात नाशिक पुढारलेलं दिसतं, कारण सातपूर आणि सुरगाणा एकाच सरासरीत बसतात. चर्चा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशीच होत राहिली, आणि 'उर्वरित'मधला आदिवासी तालुका त्यात दिसेनासा झाला.

द्राक्ष: गावात मुरलेला पैसा

वाढ फक्त शहरातच होते असं मात्र नाही. निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी इथे ती कारखान्यांआधी बागांतून आली. गोदावरी खोऱ्यातली धरणं आणि कालवे, मुंबई-आग्रा महामार्ग, त्यावरून बंदराची वाट, आणि द्राक्षाचं पीक. बागेला एकरी काही लाख लागतात. अँगल, तारा, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. त्याभोवती औषधांची दुकानं, शीतगृहं, पॅकहाऊस, ट्रॅक्टरचे शोरूम उभे राहिले. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्ष निर्यात करते आणि टोमॅटोवर प्रक्रियाही करते. निवड, पॅकिंग, प्रक्रिया गावातच झाल्याने त्यातला पगार आणि नफा गावाच्या शिवारात राहतो.

मग सुरगाण्यात बागा का झाल्या नाहीत? पावसाचं पाणी राहत नाही, हे एक कारण. जमिनीचा कागद हे दुसरं. वर्षानुवर्षं कसलेली वनजमीन नावावर नसेल तर सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी गेले. त्यांत आदिवासींची संख्या मोठी होती आणि २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची मुख्य मागणी होती.

कांदा: माल गावात, निर्णय दूर

लासलगावची बाजार समिती १९४७ ची, देशातल्या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. पण इथला भाव पाडायला दिल्लीतला एक आदेश पुरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली तरी शुल्क होतंच, आणि शुल्क पूर्णपणे गेलं ते एप्रिल २०२५ मध्ये. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून घेतलेल्या निर्णयाचा भार चाळीत उन्हाळ कांदा साठवणाऱ्याने उचलला. शेतकरी नेते शरद जोशी 'इंडिया विरुद्ध भारत' म्हणत ते याच प्रकाराला. १९८० साली कांदा आणि उसाच्या भावासाठी त्यांचं आंदोलन पेटलं, तेही याच जिल्ह्यात. शहराकडे पैसा बाजारातून वाहतो तसा धोरणातूनही.

मजुरांचा उतार

भात, नागली, वरई निघाली की पेठ-सुरगाण्याची माणसं उताराला लागतात. गिरणारेसारख्या गावी पहाटे मजुरांचा बाजार भरतो. टोळ्या ठरतात आणि पिकअपमध्ये बसून निफाड-दिंडोरीच्या बागांत जातात. द्राक्षाची भरभराट याच हातांवर उभी आहे. मजुरी घरी येते आणि गरजेला उपयोगीही पडते. पण बाग, पॅकहाऊस, त्यातून होणारी भांडवलाची वाढ खालीच राहते. शाळेतलं पोर सोबत गेलं, तर त्याचं वर्षही खालीच राहतं.

अडवायचं कुठे?

शहराला रोखून गाव वाढत नाही. गिरणारेच्या मजुराला काम द्राक्षामुळे मिळतं आणि द्राक्षाला भाव शहरांमुळे व परदेशी बाजारामुळे. वरून कारखाना आणून बसवणंही पुरेसं नाही, हे सवलतींच्या साठ वर्षांनी दाखवलं. निफाड-दिंडोरीच्या अनुभवातून हाती चार गोष्टी लागतात: बारमाही पाणी, नावावरची जमीन, पक्का रस्ता, आणि माल कच्चा न विकता गावात हाताळण्याची सोय. हिशेबही जिल्ह्याऐवजी तालुक्याचा हवा.

सुरगाण्यात याची एक छोटी खूण आहे. सापुताऱ्याजवळच्या गावांत शेतकरी स्ट्रॉबेरी लावतात आणि हंगामात रस्त्याच्या कडेला बसून पर्यटकांना विकतात. थंड हवा तिथे आधीपासून होती. विहिरीचं थोडं पाणी हाताशी आलं, गिऱ्हाईक दारावरून जाऊ लागलं, आणि पैसा जागेवर राहिला. ज्या शिवारात पाणी थांबलं, तिथली माणसंही थोडे अधिक दिवस थांबली.