देवाच्या दारीं अर्ज

हिमालय म्हटला कीं आपल्याकडील माणसाच्या मनांत दोन चित्रें उभीं राहतात. एक बदरीकेदारच्या यात्रेचें आणि दुसरें उन्हाळ्यांत थंड हवेसाठीं जाऊन राहण्याच्या ठिकाणांचें. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा हिमालय आहे. तेथें माणसें जन्मतात, शेतें पिकवितात, भांडतात, लग्नें करतात, पाणी भरतात आणि म्हातारीं होतात. आज त्या तिसऱ्या हिमालयांतील एका शांत गांवाची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे. त्या गांवाचें नांव अल्मोडा.

काठगोदाम येथें आगगाडी संपते. तेथून वळणावळणांच्या रस्त्यानें सुमारें ९० किलोमीटर गेलें म्हणजे घोड्याच्या खोगिरासारख्या आकाराच्या एका डोंगरावर हें गांव पसरलेलें दिसतें. त्याची उंची सुमारें १,६०० मीटर. म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. नैनीताल किंवा मसुरी यांप्रमाणें हें गांव इंग्रजांनीं वसविलेलें नाहीं. सोळाव्या शतकांत कुमाऊंच्या चंद राजांनीं आपली राजधानी चंपावतहून येथें आणली. पुढें १७९० सालीं गुरख्यांनीं आणि १८१५ सालीं इंग्रजांनीं तें घेतलें. राज्यें बदललीं, तरी दगडी फरशीचा लांबच लांब बाजार आणि लांकडी कोरीवकामाचीं कांहीं जुनीं घरें अजून टिकून आहेत.

आकाश निवळ असेल तर सकाळीं उत्तरेस त्रिशूळ, नंदादेवी आणि पंचचूली यांचीं हिमशिखरें दिसतात. गांवकरी मात्र त्यांकडे फारसे पाहात नाहींत. त्यांना कामें असतात. मिठाईवाला खवा तांबूस होईपर्यंत परततो आणि त्याच्या वड्यांना बाहेरून साखरेचे पांढरे दाणे लावतो; हीच तेथील प्रसिद्ध बाल-मिठाई. आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया विळा घेऊन गवताला निघतात आणि डोक्यावर भारा घेऊन उतरतात. त्यांच्या घरचें जेवण ऐकून कोंकणांतील श्रोत्यांस आपलेपणा वाटेल. तेथें मडुवा म्हणतात ती आपली नाचणी आणि गहत म्हणतात ते आपले कुळीथ. भाद्रपदांत आपल्याकडे गौरी माहेरीं येतात, त्याच सुमारास अल्मोड्यांत नंदादेवीची जत्रा भरते. केळीच्या खांबांपासून देवीच्या मूर्ति घडवितात, आणि ही नंदाहि डोंगराची लेंक, सासरीं जाणारी. शेंकडों कोसांचें अंतर असून दोन्हीकडच्या बायकांनीं देवीला माहेरवाशीणच मानावें, हें मला मोठें अर्थपूर्ण वाटतें.

परंतु या मुलखाचें खरें मन समजून घ्यावयाचें असेल तर गांवापासून सुमारें ८ किलोमीटरांवर असलेल्या चितई येथील गोलू देवतेच्या देवळांत जावें. देऊळ लहान आहे. त्याच्या वाटेवर, कमानींवर, छपराखालीं, जेथें दोरी बांधतां येईल तेथें घंटा टांगलेल्या आहेत. कांहीं बोटाएवढ्या, कांहीं दोन माणसांनीं उचलाव्या इतक्या जड. आणि घंटांच्या जोडीला कागद. कोणी वहीचें पान फाडून लिहिलेलें, कोणी रीतसर मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेलें. ते सर्व अर्ज आहेत. जमिनीचा तंटा आहे, मुलगा परगांवीं गेला त्याचें पत्र नाहीं, दिरानें वांटा दिला नाहीं, परीक्षेंत यश यावें, खोट्या आरोपांतून सुटका व्हावी. देवास नवस बोलणें आपणांस नवें नाहीं. परंतु देवाकडे लेखी फिर्याद करावी, हें नवें. काम झालें म्हणजे अर्जदार घंटा आणून बांधतो. म्हणजे तेथील प्रत्येक घंटा हा एकेका निकालाचा आवाज आहे.

हा न्यायाचा देव झाला कसा, याची कथा कुमाऊंत घरोघर सांगतात. झालराय नांवाच्या राजाला सात राण्या होत्या, पण मूल नव्हतें. त्यानें कलिंका नांवाच्या आठव्या राणीशीं लग्न केलें. तिला दिवस गेले. प्रसूतीच्या वेळीं सवतींनीं तिचे डोळे बांधले, जन्मलेला मुलगा उचलून नेला आणि त्याच्या जागीं पाटा-वरवंटा ठेवला. “तुझ्या पोटीं दगड आला,” असें त्यांनीं तिला सांगितलें. राजानेंहि तें मानलें. मुलाला पेटींत घालून नदींत सोडलें; एका कोळ्याला ती पेटी सांपडली व त्यानें मुलाला वाढविलें. मोठा झाल्यावर तो आपला लांकडी घोडा घेऊन राण्यांच्या पाणवठ्यावर गेला आणि घोड्याला पाणी पाजूं लागला. राण्या हंसल्या. लांकडाचा घोडा कधीं पाणी पितो काय? मुलगा म्हणाला, “बाईच्या पोटीं वरवंटा येऊं शकतो, तर लांकडी घोडा पाणी कां पिणार नाहीं?” ही गोष्ट राजाच्या कानीं गेली आणि सर्व कपट उघडकीस आलें. पुढें तोच मुलगा राजा झाला आणि पांढऱ्या घोड्यावर बसून गांवोगांव फिरत न्याय करूं लागला, असें म्हणतात.

या कथेंतील एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मुलगा तरवार घेऊन येत नाहीं. एक प्रश्न घेऊन येतो. आणि ज्या आईचें म्हणणें कोणीं ऐकलें नाहीं, तिचें म्हणणें तो त्या एका प्रश्नानें सर्वांना ऐकावयास लावतो. ऐकून न घेणें हाच या कथेंतील पहिला अन्याय आहे. दंड, शिक्षा या पुढच्या गोष्टी.

आतां देव खरोखर निकाल देतो कीं नाहीं, हा वाद आपण बाजूस ठेवूं. ही व्यवस्था चालते कशी, तेवढें पाहूं. या न्यायालयांत वकील लागत नाहीं. आपल्या बोलींत, आपल्या मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिलें तरी चालतें. अर्ज उघडा टांगलेला असतो, म्हणून तो देवाइतकाच शेजाऱ्यांनाहि वाचतां येतो. शिवाय खोटी फिर्याद करणाऱ्यावरच देव उलटतो, अशी समजूत असल्यामुळें अर्जदारालाहि लेखणी जपून धरावी लागते. प्रतिपक्षाला अर्जाचा सुगावा लागतो, तो अस्वस्थ होतो, घरांतील वडील मंडळी मध्यें पडतात आणि पुष्कळदां देवाआधीं माणसेंच तडजोड करून मोकळीं होतात.

याच न्यायाचें दुसरें रूप म्हणजे जागर. घरांत आजारपण किंवा कलह हटेना, तर रात्रीं धुनी पेटवितात. जगरिया हुडका नांवाचें लहान चर्मवाद्य वाजवीत देवाची कथा गातो. साथीला कांशाची थाळी वाजते. हळूहळू डंगरिया म्हणविल्या जाणाऱ्या माणसाच्या अंगांत देवाचा संचार होतो. मग घरचीं माणसें आपलें गाऱ्हाणें मांडतात आणि देव उलट प्रश्न विचारतो. वडिलांच्या वेळीं एखाद्या विधवेचा वांटा बुडविला होता काय? भावाला दिलेला शब्द मोडला होता काय? जी गोष्ट सून सासऱ्याला दिवसा सांगूं शकत नाहीं, ती रात्रीं देवासमोर सांगतां येते. आजारावर औषध वैद्याचेंच घ्यावें. परंतु घरांत सांचलेल्या न बोललेल्या गोष्टींना वाट करून देणारी ही युक्ति अडाणी म्हणून उडवून लावतां येत नाहीं.

सरकारदरबारीं दाद न लागण्याचा अनुभव या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. इंग्रजी अमलांत तेथें कुली-बेगार नांवाची पद्धत होती. साहेब दौऱ्यावर निघाला कीं त्याचें सामान गांवकऱ्यांनीं मजुरीवांचून वाहावयाचें. कोणाची पाळी केव्हां, तें गांवच्या वहींत लिहिलेलें असे. अर्जविनंत्या पुष्कळ झाल्या. शेवटीं १४ जानेवारी १९२१ रोजीं, उत्तरायणीच्या जत्रेंत, बागेश्वर येथें सरयू आणि गोमती यांच्या संगमावर हजारों लोक जमले. बद्रीदत्त पांडे त्यांचे पुढारी होते. सरयूचें पाणी हातीं घेऊन लोकांनीं बेगार न करण्याची शपथ वाहिली आणि बेगारीच्या वह्या नदींत सोडून दिल्या. बागेश्वर त्या काळीं अल्मोडा जिल्ह्यांतच होतें. देवासमोर खरें बोलण्याची संवय असलेल्या लोकांना नदीसमोर शपथ घेणें अवघड गेलें नसावें.

याच संक्रांतीच्या सणांत अल्मोड्याचीं मुलें, आपल्याकडे हलव्याचे दागिने घालतात तशी, गळ्यांत गोड पदार्थांची माळ घालतात. कणीक आणि गूळ यांचे चारच्या आंकड्यासारखे तळलेले घुघुते आणि मधून मधून संत्रें. पहांटे थंडींत कुडकुडत मुलें कावळ्यांना हांका मारून तें खाऊं घालतात. घुघुती हें एका चंद राजपुत्राचें लाडकें नांव होतें; त्याला मारण्यासाठीं पळविलें असतां त्यानें रोज खाऊ घातलेल्या कावळ्यांनीं ओरडून ओरडून माग दाखविला, अशी कथा आहे. आपल्याकडे कावळ्याची आठवण पिंडाच्या वेळीं होते. तेथें तो मुलांचा साक्षीदार आहे.

परंतु सर्वांत जिव्हारीं लागणारी कथा काफळाची. काफळ हें तिकडील रानांत उन्हाळ्यांत पिकणारें लहान तांबडें फळ. एका गरीब आईनें टोपलीभर काफळें आणलीं आणि मुलीला राखावयास सांगून ती कामाला गेली. उन्हानें फळें सुकून टोपली उणी दिसूं लागली. आई परत आली, मुलीनें खाल्लीं असें समजून तिनें रागाच्या भरांत तिला मारलें, आणि तो मार लागून मुलगी मेली. संध्याकाळीं पाऊस पडला. फळें पुन्हां फुगलीं आणि टोपली पहिल्यासारखी भरली. तें पाहून आईनेंहि प्राण सोडला. चैत्र-वैशाखांत रानांत एक पक्षी ओरडतो, तेव्हां लोक म्हणतात, ती मुलगीच सांगत आहे कीं काफळ पिकलें, पण मीं चाखलें नाहीं. आपल्याकडील पावशा शेतकऱ्याला पेरणीची आठवण देतो. हा पक्षी न ऐकलेल्या साक्षीची आठवण देतो.

ही कथा मीं प्रथम ऐकली तेव्हां मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवला. माझी लेखणी चोरल्याच्या संशयावरून मीं त्याला छड्या मारल्या होत्या. “गुरुजी, मीं नाहीं घेतली,” एवढेंच तो म्हणत होता. दोन दिवसांनीं लेखणी माझ्याच कोटाच्या अस्तरांत सांपडली. मीं त्याची क्षमा मागितली, पण सर्व वर्गासमोर मागितली नाहीं. शिक्षा वर्गासमोर आणि क्षमा एकांतांत. हा हिशेब अजून जुळलेला नाहीं.

श्रोतेहो, आज या डोंगरांतच एक मोठें गाऱ्हाणें उभें राहिलें आहे. कुमाऊंतील झऱ्यांवर दगडी छपराचीं लहान कुंडें बांधलेलीं असतात. त्यांस नौले म्हणतात. आंत पायऱ्या, पुष्कळदां देवाची मूर्ति. नवी नवरी प्रथम तेथें जाऊन पाण्याची पूजा करते. अल्मोड्यांत पूर्वीं असे ३६० नौले होते, असें सांगतात. त्यांतील पुष्कळ आतां कोरडे किंवा घाण झाले आहेत आणि गांवाला कोसी नदीचें पाणी यंत्रानें वर चढवून आणावें लागतें. हिमालयांतील जवळजवळ निम्मे झरे आटले आहेत किंवा आटत आहेत, असें नीति आयोगाच्या २०१८ सालच्या अहवालांत म्हटलें आहे. माणसेंहि झऱ्यांप्रमाणेंच उतरून जात आहेत. अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ६,३०,५६७ होती. ती २०११ सालीं ६,२२,५०६ झाली. त्या गणनेंत दर हजार पुरुषांमागें ११३९ स्त्रिया होत्या. म्हणजे पुरुष पोटासाठीं बाहेर आणि घर, गुरें व शेत बाईच्या शिरावर.

आटलेल्या झऱ्याचा अर्ज कोणाविरुद्ध करावा? प्रतिवादी म्हणून कोणाचें एकाचें नांव घालतां येणार नाहीं. बांज नांवाच्या झाडाचें रान तुटलें, वर रस्ते आणि घरें झालीं, पाणी मुरण्याची जागा राहिली नाहीं. यांत सर्वांचा थोडा थोडा हात आहे. पूर्वीं डोंगरमाथ्यावर पाणी मुरविण्यासाठीं चाल आणि खाल नांवाचीं लहान तळीं खणीत असत. कांहीं गांवांतील लोकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, तें काम पुन्हां हातीं घेतलें आहे आणि बांजाचीं रोपें लावलीं आहेत. जेथें हें नेटानें झालें, तेथें झरे सांवरल्याचे अनुभव आहेत.

म्हणून आपण कधीं अल्मोड्यास गेलां तर हिमशिखरें अवश्य पाहा, बाल-मिठाईहि घ्या. परंतु चितईच्या देवळांत क्षणभर थांबून एखादा अर्ज वाचा. तो देवाच्या नांवें लिहिलेला असला, तरी उघडा टांगलेला आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यानें वाचावा म्हणूनच.