घरी जोडलेला ॲम्प्लीफायर खरंच किती वॅटचा? स्टिकर नको, मोजणी करून घ्या

गणपती, हरिनाम सप्ताह, लग्नसराई आली की गावोगावी साउंडचे सेट बाहेर निघतात. त्यातले बरेच ॲम्प्लीफायर गावातल्याच कारागिराने जोडलेले असतात. ट्रान्सफॉर्मर, सर्किट बोर्ड आणि पत्र्याची पेटी, की झाला ॲम्प तयार. वर स्टिकर लागतो '5000 वॅट'. आवाज दणदणीत येतो, पण तो खरंच किती वॅटचा, आणि हात लावायला सुरक्षित आहे का, हे कानाने कळत नाही. दुधाची फॅट नुसती बघून सांगता येत नाही, डेअरीत मशीनवरच लावावी लागते. इथंही तसंच आहे.

वॅट कसे मोजतात?
स्टिकरवरचा आकडा बऱ्याचदा 'पीएमपीओ' म्हणजे क्षणभराचा, फुगवलेला असतो. कामाचा आकडा 'आरएमएस'. तो काढताना स्पीकरच्या जागी 8 ओहमचा मोठा रेझिस्टर लावतात. ॲम्पला 1 किलोहर्ट्झचा सूर देऊन आवाज हळूहळू वाढवतात. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाटेचा शेंडा कापला जायच्या आधी थांबतात आणि व्होल्ट मोजतात. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे वॅट. 40 व्होल्ट आले तर 1600 भागिले 8, म्हणजे 200 वॅट.

साधा हिशोब घरीही करता येतो. 230 व्होल्टच्या लाइनवर ॲम्प 5 अँपिअर ओढत असेल, तर आत जातात फार तर 1150 वॅट. मग बाहेर सलग 5000 कुठून येणार?

लाट कापली गेली की आवाज फाटतो आणि ट्विटर जळतात. दोष मात्र स्पीकरला दिला जातो.

जिवाची तपासणी आधी
माइक धरला की हाताला मुंग्या येतात, पेटीला हात लावला की झटका बसतो, असं होत असेल तर तो सेट लगेच बंद करा. मांडवात जमीन ओली असते, तिथं हा झटका जीव घेऊ शकतो. तपासणीत पेटीला अर्थिंग नीट आहे का, करंट पेटीत उतरतो का, आणि मेगरने इन्सुलेशन किती भरतं, हे बघतात. मेगर साधारण 500 व्होल्ट सोडतो, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

जायचं कुठं?
पहिली पायरी म्हणून जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनीअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात विचारा. ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर तिथं असतात. कागदावर पक्का रिपोर्ट हवा असेल तर एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा. मुंबईत अंधेरीला केंद्र सरकारची ईआरटीएल (पश्चिम) ही इलेक्ट्रॉनिक्स तपासणीची प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळेला मान्यता असली तरी ती सगळ्याच चाचण्यांना नसते. म्हणून आपली चाचणी त्यांच्या यादीत आहे का, फी किती, हे आधी फोनवर विचारूनच गाडीभाडं खर्चा.

सोबत सर्किटचा कागद, फ्यूजचा अँपिअर आणि कमीत कमी किती ओहमचा स्पीकर चालतो, याची नोंद न्या. आरएमएस वॅट, आवाजातली विकृती, 20 ते 20,000 हर्ट्झमधला प्रतिसाद आणि विद्युत सुरक्षा, एवढं मागितलं तरी पुरे.

हे लक्षात ठेवा
रिपोर्ट त्या एकाच नगाचा असतो. ट्रान्सफॉर्मर किंवा बोर्ड बदलला की तपासणी पुन्हा. बनवून विकायचे असतील तर 2000 वॅट आणि त्यावरच्या इनपुटच्या ॲम्प्लीफायरला 2012 च्या केंद्राच्या आदेशाने नोंदणी सक्तीची केली आहे, हे कारागिरांनी विसरू नये.

आणि रिपोर्ट म्हणजे वाजवायचा परवाना नव्हे. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बंदी असते, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. मोबाइलच्या ॲपवरचे डेसिबल अंदाजापुरतेच धरा, कारण फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो.

सणाच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी सेट तपासून घेतलेला बरा.