दाढीच्या पुळ्या आणि मागे राहणारे काळे डाग : ट्यूब घेण्याआधी वस्तरा बदला

दाढी केल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळ्यावर आणि जबड्याच्या कडेला बारीक, टणक पुळ्या येतात. खाज सुटते, कॉलर लागली की झोंबतं, पुढच्या दाढीला वस्तरा फिरला की रक्त येतं. आठवड्याभरात पुळी बसते, पण तिच्या जागी काळा ठिपका राहतो. असे ठिपके साठत गेले की कानाखालपासून गळ्यापर्यंतचा पट्टाच काळपट दिसायला लागतो. कुणी याला केसतोड म्हणतं, कुणी मुरूम, तर कुणी ‘ब्लेड लागलं’ म्हणून सोडून देतं. मेडिकलमध्ये जाऊन ‘पुळ्यांवर काहीतरी द्या’ म्हटलं की एक ट्यूब हातात पडते आणि खरा त्रास अनेकदा तिथून पुढे सुरू होतो.

या दुखण्याचं वैद्यकीय नाव स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा. केसतोड हा केसाच्या मुळाशी जंतू शिरून होणारा पू-भरला फोड असतो. दाढीच्या पुळ्या दिसतात तशाच, पण त्यांची सुरुवात जंतूंनी होत नाही. ती माणसाच्या स्वतःच्याच केसाने होते.

कुरळा केस कातडीतून वर येताना सरळ येत नाही, वळून येतो. वस्तऱ्याने तो तिरका कापला गेला की त्याला सुईसारखं टोक येतं. वाढता वाढता हे टोक वळतं आणि शेजारच्या कातडीत पुन्हा घुसतं. दुसरा प्रकार याहून वाईट. गाल ताणून, उलट्या हाताने दाढी केली की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो. हात सोडला की तो आत ओढला जातो आणि बाहेर न येता आतल्या आतच नळीची भिंत फोडतो. शरीराला तो काटा रुतल्यासारखाच वाटतो. मग सूज, लाली आणि पुळी. तीन-चार पात्यांचे महागडे रेझर इथे उलट काम करतात. पहिलं पातं केस ओढून वर काढतं आणि मागचं पातं तो खोलवर कापतं. जाहिरातीत जो ‘गुळगुळीत’ गाल दाखवतात, तोच या लोकांच्या दुखण्याचं मूळ आहे.

या आजाराचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला, तोही मुख्यतः तिथल्या सैन्यामुळे. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचे केस घट्ट कुरळे, आणि सैन्यात रोज तुळतुळीत दाढीचा नियम. वेगवेगळ्या पाहणींमध्ये या समाजातल्या ४५ ते ८३ टक्के पुरुषांना हा त्रास असल्याचं आढळलं आहे. नोकरीचा प्रश्नही तिथे कोर्टापर्यंत गेला. दाढी ठेवायला बंदी करणारा एका पिझ्झा कंपनीचा नियम कृष्णवर्णीय कामगारांवर अन्याय करतो, असा निकाल तिथल्या संघीय अपील न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. केसाभोवतीच्या थरातल्या एका केराटिनच्या जनुकातला बदलही हा धोका वाढवतो, हे २००४ मध्ये समोर आलं. म्हणजे ‘नीट धुत नसशील’ हा घरातला टोमणा चुकीचा आहे.

आपल्याकडे सगळ्यांचे केस इतके कुरळे नसतात. पण दाट, राठ, वळणदार दाढी आणि सावळा रंग ही जोडी इकडे घरोघरी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने इथल्या कितीतरी घरांना रोजच्या दाढीची शिस्त नवीन नाही. पोलीस, सिक्युरिटी गार्ड, हॉटेलातले वेटर यांनाही सुट्टी नसते. हनुवटीवर केस येणाऱ्या आणि ते उपटणाऱ्या किंवा रेझर फिरवणाऱ्या बायकांनाही हेच होतं. त्या कुणाला सांगत नाहीत, एवढाच फरक.

डाग काळाच का पडतो

कातडीला कुठेही सूज आली की रंग बनवणाऱ्या पेशी जास्त रंग सोडतात. गोऱ्या कातडीवर तो लालसर दिसून विरून जातो, सावळ्या कातडीवर तपकिरी-काळा होऊन बसतो. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. रंग खाली झिरपला असेल तर निळसर-राखाडी छटा येते आणि मग वर्षही कमी पडतं. डाग आणि वण यात गल्लत करू नये. बोट फिरवल्यावर सपाट लागतो तो डाग. खड्डा किंवा उंचवटा लागतो तो वण. दोघांचे उपचार वेगळे.

आता त्या ट्यूबबद्दल. दुकानातून सर्रास मिळणाऱ्या ‘गोरं करणाऱ्या’ किंवा ‘खाजेच्या’ अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. बॉक्सवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यापैकी नाव आहे का, एवढं बघावं. ते वाचता येत नसेल तर दुकानदाराला सरळ विचारावं, ‘यात स्टेरॉइड आहे का?’ पहिल्या आठवड्यात सूज उतरते, रंग उजळतो, माणूस खूश. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नव्या पुळ्या उठतात आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो. पुळ्यांऐवजी मुळात दाढीतला नायटा असेल तर स्टेरॉइडने तो आणखी पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग करायचं काय?

सगळ्यात खात्रीचा उपाय फुकट आहे, तो म्हणजे दाढी वाढू देणे. तीन-चार आठवडे वस्तरा लावला नाही की रुतलेले केस वाढून स्प्रिंगसारखे आपोआप बाहेर सुटतात. पहिला आठवडा त्रासाचा जातो, कारण आधी कापलेले केस त्याच काळात रुततात. ‘दाढी सोडली तर वाढलंच की’ म्हणून बरेच जण इथेच हार मानतात. ज्यांना कामामुळे दाढी ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी ट्रिमर. अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहिले तर लांबून चेहरा साफ दिसतो आणि टोक आत जात नाही.

वस्तराच हवा असेल तर एकाच पात्याचा. आधी कोमट पाण्याने केस भिजवून मऊ करायचे, फेस लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग केसाच्या दिशेने, गाल न ताणता, एकदाच. गळ्यावरचे केस कुणाचे खाली तर कुणाचे आडवे वाढतात, ते आधी बोटाने चाचपून बघावं. सलूनमध्ये बसल्यावर ‘उलटा हात मारू नका’ हे फेस लावायच्या आधी सांगावं. वस्तरा हातात आल्यावर कारागीर सवयीनेच चालतो. आणि ब्लेड डोळ्यांसमोर नवीन घालून घ्यावं, ते तर कावीळ बी आणि एचआयव्हीसाठीही गरजेचं आहे. तुरटी जरूर लावा, रक्त थांबतं. पण रुतलेला केस तिने सुटत नाही. चिमट्याने केस उपटणं मात्र बंदच. उपटलेला केस परत येताना आतल्या आतच वळतो.

केस काढायची पावडर किंवा क्रीम काहींना चालतं, कारण त्याने केसाचं टोक बोथट होतं. मात्र सावळ्या कातडीवर ते जास्त वेळ राहिलं तर भाजतं आणि नवा डाग पडतो. आधी कानामागे थोडं लावून बघावं.

औषधांत डॉक्टर सहसा रात्री लावायला अॅडापालीन किंवा ट्रेटिनॉइन, पुळ्यांत पू असेल तर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन, आणि डागांसाठी अॅझेलाइक किंवा ग्लायकोलिक अॅसिड देतात. रोज भसाभस लावून कातडी सोलवटली तर त्यातूनही डागच पडतो. म्हणून एक दिवसाआड, वाटाण्याएवढंच. हायड्रोक्विनोन डागांवर चालतं, पण देखरेखीखाली आणि काही महिन्यांपुरतंच. वर्षानुवर्षं लावलं तर कातडी निळी-काळी पडते आणि ती परत येणं फार कठीण. गरोदर बायकांनी ट्रेटिनॉइन, अॅडापालीन आणि हायड्रोक्विनोन यांपासून लांब राहावं. आणि सनस्क्रीन! पुरुषांना याचा संकोच वाटतो. पण दिवसभर बाईकवर उन्हात फिरायचं आणि रात्री डागाचं क्रीम लावायचं, यात पैसे पाण्यात जातात.

कायमचा आराम हवा असेल तर लेझर. इथे प्रश्न विचारूनच खुर्चीत बसावं. लेझर केसातला काळा रंग शोधतं, पण सावळ्या कातडीतही तोच रंग आहे. कमी तरंगलांबीचं यंत्र, म्हणजे ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट, सावळी कातडी भाजू शकतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग खोल जातं आणि वरच्या रंगाला कमी धरतं, म्हणून ते जास्त सुरक्षित. ‘मशीन कुठलं?’ आणि ‘डॉक्टर स्वतः करणार का?’ हे दोन प्रश्न ऑफरच्या दरापेक्षा महत्त्वाचे. महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहसा चार ते सहा किंवा जास्त बैठका लागतात. पांढऱ्या केसांवर उपयोग नाही.

जबड्याच्या कडेला वण गाठीसारखा वाढत असेल, मूळ पुळीच्या बाहेर पसरत असेल, तर तो केलॉइड. त्यावर गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि ते डॉक्टरांच्या हातचं असल्याने ट्यूबसारखं नसतं. नुसता कापून काढला तर बहुधा पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठा येतो. मानेमागे केसांच्या रेषेवर अशाच गाठी येत असतील तर तिथे झिरो मशीन आणि वस्तरा दोन्ही थांबवावे.

कामावर तुळतुळीत दाढीची सक्ती असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून आजाराचं नाव आणि ‘ट्रिमर वापरावा’ एवढा सल्ला लेखी घ्यावा. जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतही तो मिळू शकतो. जाताना दोन दिवस दाढी न करता जावं आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा.