तंबोऱ्यामागची जागा

तंबोऱ्याला तारा चारच, पण तो लावायला सबुरी फार लागते. पहिली तार पंचमात, मधली जोडी षड्जात, शेवटची खर्जात. खुंटी पिळून सूर जवळपास आणायचा आणि उरलेली कसर तळाच्या मण्याने काढायची. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी शोधायची. धागा केसभर हलला की गुंजणारी तार मुकी होते. हे काम मावशी आणि भाची मिळून करतात, तेव्हा खुंटी मावशीच्या हातात असते आणि ‘अजून उतरलाय’ हे सांगायचं काम भाचीचं. पुढे मावशी गायला बसते आणि तंबोरा भाचीच्या मांडीवर येतो. पहिल्या तारेला मधलं बोट, बाकी तिन्हींना तर्जनी. तबल्याचा ठेका कसाही धावो, तारा आपल्याच संथ चालीने छेडायच्या. दिसायला हे हमालीचं काम. पण तंबोऱ्यामागे बसलेल्याला मधेच उठता येत नाही, गाणं पुढे पळवता येत नाही, कंटाळा आला तरी बोट थांबवता येत नाही. घरातल्या मोठ्यांसोबत गाण्याचा खरा धडा मला या सक्तीच्या बैठकीत दिसतो. चित्रपट महोत्सवाचा अंधारही हाच धडा देतो.

वसईजवळच्या सातिवलीत हे बोलणं जरा विचित्र वाटेल. इथे औद्योगिक गाळ्यांची खडखड, घरं लहान, आणि साडेचार फुटांचं ते मिरजेचं वाद्य ठेवायचं कुठे हा प्रश्न. म्हणून मोबाइलवरचा तंबोरा. तो बेसूर होत नाही, जागा अडवत नाही. एकट्याच्या रियाजाला उत्तमच. पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाची तार जवळपास गायब होते, आणि ‘उतरलाय’ म्हणायची वेळ कोणावरच येत नाही. कान तयार होतो तो नेमका त्या कुरकुरीत.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ हा सिनेमाही मधेच उठता किंवा पुढे पळवता येऊ नये, याच कारणासाठी मोठ्या पडद्यावर बघायला हवा. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. भारतात तो ३० एप्रिल २०२१ला नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे बहुतेकांच्या हाती रिमोटसकट पडला. नायकाचं काम करणारे आदित्य मोडक आणि गुरूच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे दोघेही मुळात गायक. त्यामुळे पडद्यावरची बैठक खोटी वाटत नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर नायक मोटारसायकलवरून संथ जातो, कानात गुरूच्या गुरू माईंचं व्याख्यान. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. त्या दृश्यांत ‘घडत’ काहीच नाही. घरी बघणारा तिथे दहा सेकंद पुढे जातो. सभागृहात बसलेल्याला त्या संथपणात राहावंच लागतं, आणि नायकाला गाणं का साधत नाही हे तिथेच उमगू लागतं.

शेजारी बसूनच शिकता येतं, यावर सर्वांत वजनदार आक्षेप गायक राहुल देशपांडे यांच्या उदाहरणाने घेता येईल. त्यांचे आजोबा, गायक वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले, तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. आजोबांमागे तंबोरा धरण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांची गायकी ध्वनिमुद्रणांतूनच कानी पडणार. तरी त्यानेच निपुण धर्माधिकारींच्या ‘मी वसंतराव’मध्ये आजोबांची भूमिका केली, गाणी गायली आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मग मुद्रणं पुरतात, असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. राहुल गंगाधरबुवा पिंपळखरे आणि मुकुल शिवपुत्र यांच्यासमोर बसून शिकले. मुद्रणाने आजोबा दिले, बैठक मात्र जिवंत माणसांकडून मिळाली. घरात गाणारं कोणी नसेल त्यालाही यातून वाट दिसते: रक्ताचं नातं नसलं तरी चालतं, शेजारी बसणारं कोणीतरी हवं. ‘मी वसंतराव’ २०२१च्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात, इंडियन पॅनोरमा विभागात दाखवला गेला होता. आजोबांवरचा सिनेमा कुटुंबाने एकत्र बघायला याहून चांगली जागा कोणती?

दुसरा आक्षेप सोयीचा आहे आणि तो मी पुरता खोडू शकत नाही. सातिवलीहून रिक्षाने वसई रोड, तिथून चर्चगेट लोकल. एका सिनेमासाठी दिवस मोडतो, नोंदणीचे पैसे वेगळे. शिवाय महोत्सवातले बरेच सिनेमे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राविना, खास परवानगीने दाखवतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी अठराच्या आतल्यांना प्रवेश नसतो. तोवर भाचीने तंबोरा धरावा. तंबोरा परवडत नसेल तर पेटीचा भाता धरावा, तेही तितकंच पकडून ठेवतं. अठरा झाली की पुण्याचा महोत्सव जानेवारीत असतो, इफ्फी नोव्हेंबरात गोव्याला. नोंदणी दोघींची करा, आणि सिनेमा चालू असताना तिला काही समजावून सांगू नका.