भेडाघाटची पांढरी घळ
जबलपूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर नर्मदा धुवांधारच्या कड्यावरून कोसळते आणि लगेच अंग चोरून चालू लागते. तोवर ऐसपैस पसरलेलं पात्र इथे सुमारे तीन किलोमीटर संगमरवराच्या दोन भिंतींमध्ये अडकतं. भिंती काही ठिकाणी शंभरएक फूट उंच. खाली पायवाट नाही, काठ म्हणावा असा काठही नाही. वरून डोकावून पाहता येतं, पण घळीत शिरायचं तर पंचवटी घाटावर नाव धरायची. भेडाघाटची सगळी गंमत या एका अडचणीत आहे.

माणसं इथे हजारएक वर्षं येतात, मात्र ती घळ बघायला येत नसत. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचं तेवर, जबलपूरच्या वाटेवरच आहे. त्यांच्याच काळात, दहाव्या शतकात, घळीलगतच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचं मंदिर उभं राहिलं. गोल आवार आणि वर मोकळं आभाळ. नाव चौसष्टचं असलं तरी कोनाडे एक्याऐंशी भरतात. बहुतेक मूर्तींचे हात आणि नाकं तोडलेली, तरी त्या बसलेल्या आहेत मोठ्या रुबाबात. मधल्या गौरीशंकर मंदिरात शिवपार्वती नंदीवर बसले आहेत. कार्तिकात इथे जत्रा भरते. नर्मदेची प्रदक्षिणा करणारे परिक्रमावासी तर येतच राहतात, पण नर्मदा ओलांडायची नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे ते इथल्या नावेत पाय ठेवत नाहीत. महाराष्ट्रातही परिक्रमा केलेलं कुणीतरी ओळखीत निघतंच. त्यांना विचारून पाहा, भेडाघाट त्यांनी वरूनच पाहिलेला असतो. नदीवर सर्वांत जास्त जीव असणाऱ्यांना तिचं हे रूप आतून दिसत नाही!

मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. 1817 पर्यंत तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे 1861 साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला तेव्हा राजधानी नागपूर ठरली आणि 1956 पर्यंत नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात नांदली.

घळीत हौसेने शिरणारे लोक आले ते इंग्रजी अमलात, आणि त्या काळची एक करुण कहाणी अजून सांगितली जाते. 1859 साली रेल्वेच्या पाहणीसाठी दोन इंजिनिअर इथे आले होते. बंदुकीचा बार झाला आणि कड्यांना लटकलेली आग्यामोहोळं उठली. एक जण कसाबसा निसटला. दुसऱ्याने, बॉडिंग्टनने, पाण्यात बुडी मारली. माश्या पाण्यावरच घोंघावत राहिल्या, श्वासासाठी डोकं वर काढलं की तुटून पडत. तो बुडाला. पुढे प्रवाशांसाठीच्या इंग्रजी पुस्तकांत ही हकिगत इशारा म्हणून छापली जाऊ लागली. मोहोळं आजही त्याच कड्यांना लटकलेली दिसतात.

रेल्वे मात्र आली. मार्च 1870 मध्ये मुंबईकडून इटारसीमार्गे येणारा रूळ जबलपूरला अलाहाबादकडच्या रुळाला मिळाला आणि मुंबई-कलकत्ता प्रवास सलग झाला. जबलपूर एका फटक्यात देशाच्या मुख्य रस्त्यावर आलं. वाटेत उतरून, चांदणं गाठून, नावेतून संगमरवर पाहून पुन्हा गाडी धरायची, ही साहेबी चाल तेव्हापासूनची. 1871 मध्ये कॅप्टन फॉर्सिथचं मध्य भारतातल्या डोंगररानांवरचं पुस्तक निघालं. त्यातलं इथल्या चांदण्याचं वर्णन पुढच्या वाटाड्या पुस्तकांनी मनमुराद उचललं. आपल्याकडच्या सर्वसामान्य माणसाला ही घळ दाखवली ती सिनेमाने. राज कपूरच्या 1960 च्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं काही चित्रण इथे झालं. पडद्यावर गंगेचं नाव आणि पाणी नर्मदेचं, ही फसवणूक जबलपूरकरांनी आनंदाने पोटात घातली आहे. शाहरुख खानच्या ‘अशोका’पर्यंत ही ये-जा चालूच राहिली.

या सगळ्यात खरा मान नावाड्यांचा. नाव घाटापासून सुटली की वल्ह्यांच्या तालावर त्यांचं यमकजुळणीचं हिंदी सुरू होतं. हा खडक अमक्यासारखा, तो तमक्यासारखा, मध्येच एखाद्या नटीचं नाव, मध्येच लग्न न झालेल्या उतारूला टोमणा. पहिली पाच मिनिटं वाटतं, याने गप्प बसावं. मग लक्षात येतं की तो डोळ्यांना काम देतो आहे. पांढरा म्हणून ऐकलेला दगड पाण्यालगत खरंच दुधी असतो. वर मात्र ऊनपावसाने राखाडलेला, कुठे पिवळट, कुठे गुलाबी, आणि त्यातून काळसर हिरव्या पट्ट्या आडव्या-तिरक्या गेलेल्या. हा डोलोमाइटी संगमरवर दीड अब्ज वर्षांहून जुना आहे. काळ्या पट्ट्या म्हणजे मागाहून भेगांत घुसून थिजलेला शिलारस. बंदरकुदनीपाशी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं इकडून तिकडे उडी मारत, असं सांगतात. पुढे भूलभुलैया. तिथे नाव वळली की आलो कुठून ते कळेनासं होतं, आणि नावाडीही मुद्दाम वल्हं थांबवतो.

धुवांधारच्या वाटेवर दुतर्फा शंकराच्या पिंडी आणि गणपती विकायला मांडलेले असतात. पुष्कळजण ते संगमरवराचे समजून घेतात. त्यातले बरेच शंखजिऱ्याचे असतात, इथलाच मऊ दगड, नखानेही ओरखडा उठतो. घ्यायला हरकत नाही, पण भाव त्या हिशेबाने करावा.

2021 मध्ये भेडाघाट-लमेटाघाट हा परिसर युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेला. लमेटाघाटचं नाव भूगर्भशास्त्रात आधीच पक्कं आहे, डायनासोरचे अवशेष मिळणाऱ्या खडकांना त्याचंच नाव आहे. धुवांधारवर रोपवेही आहे. धबधबा बघायला तो ठीक, पण त्यात बसून भेडाघाट पाहिला असं कुणी म्हणू नये.

पावसाळ्यात नावा बंद असतात, नदी घळीत मावत नाही. जायचं तर दिवाळीनंतर जा आणि भर दुपारी नको, दगडावरची तिरीप डोळ्यांना सोसत नाही. पौर्णिमा साधली तर उत्तम, मात्र त्या रात्री नावा मिळतात का हे घाटावर आधी विचारून ठेवा. आणि घळीत शिट्या-फटाके अजिबात नकोत.