घरच्यांचा संशय हा पुरावा होतो का?

आज जॅक द रिपर, पण जरा वेगळ्या बाजूने.

१८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे एकामागून एक खून झाले. खुनी सापडलाच नाही. १८९४ मध्ये पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅक्नॉटन यांनी एका टिपणात लिहिलं, की मॉन्टेग्यू ड्रुइट हाच खुनी असं त्याच्या घरच्यांनाच वाटत होतं, अशी खासगी माहिती आहे. ड्रुइटचं प्रेत ३१ डिसेंबर १८८८ला थेम्स नदीत सापडलं होतं.

ऐकायला पक्कं वाटतं ना? आता लॉग तपासतो तसं मागे मागे जाऊ. घरच्यांपैकी नेमकं कोण बोललं? टिपणात नाव नाही. मॅक्नॉटन पोलिसात आले १८८९ मध्ये, म्हणजे या खुनांनंतर. शिवाय टिपणात ड्रुइट डॉक्टर असल्याचं म्हटलंय. प्रत्यक्षात तो वकील आणि शाळामास्तर होता. जे सहज तपासता येतं तेच चुकलं, तर बाकीच्यावर भरवसा किती ठेवायचा?

घरचे खोटं बोलले, असं मी म्हणत नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तुमच्याही घरात अशी गोष्ट असेल, तर आधी एवढंच विचारा: हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, आणि कधी?